वडिलांच्या दुकानातला टेक्ससचा पाद्री : जे. व्हर्नन मॅगी

जुना_व्हॉल्व्ह (मिरज)

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात मिरजेच्या घराचा माळा आवरायला काढला. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, बंद होऊन वीसेक वर्षं झाली. माळ्यावर एक फिलिप्सचा व्हॉल्व्हचा सेट, डबाभर कंडेन्सर, जाळीच्या एरियलची गुंडाळी आणि लाल कापडी पुठ्ठ्याची वही सापडली. वहीत गिऱ्हाइकांची उधारी असेल म्हणून उघडली, तर निघाले आकडे. कुठल्या बँडवर, किती वाजता, कोण लागतं. 'सांगली १२५१, दिवसा उत्तम'. 'सिलोन, सकाळी सरसर'. आणि तीन-चार ठिकाणी एकच नोंद : 'अमे. पाद्री. रात्री. सेट तपासायला चांगला.'

मग आठवलं. दुरुस्त झालेला सेट वडील गाण्यावर कधी तपासत नसत. म्हणायचे, गाणं सगळ्या चुका झाकतं, तबला-पेटीच्या गर्दीत घरघर ऐकू येत नाही. एकटा बोलणारा माणूस लावायचा. 'स' फाटतो का, 'प' ठोकतो का, दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत हम (विजेची गुणगुण) येतो का, ते तिथे कळतं. बातम्या दहा मिनिटांत संपतात. हा पाद्री अर्धा तास बोलायचा आणि मध्ये वाजंत्री नाही. वडिलांना इंग्रजी बेताचं, धर्म आमचा वारकरी, पण त्या आवाजावर मिरजेतले किती सेट दुरुस्त होऊन गेले असतील त्याची गणती नाही. सेटवरचा हिरवा जादूचा डोळा (स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा दिवा) मिटत मिटत एका रेषेवर यायचा आणि तो खरखरीत, नाकातला, हेल काढणारा आवाज दुकानात उभा राहायचा. आम्ही पोरं त्याची नक्कल करायचो.

आता नेटवर शोधून आवाज जुळवला. तोच. नाव जे. व्हर्नन मॅगी. जन्म १७ जून १९०४, टेक्ससमधलं हिल्सबरो. वडील कापसाच्या जिनिंगवर काम करणारे, हंगामाप्रमाणे गाव बदलणारे. मुलगा चौदा वर्षांचा असताना ते जिनमधल्या अपघातात गेले. पुढे नॅशव्हिलमध्ये पोराने बँकेत नोकरी धरली, मग ती सोडून धर्मशिक्षण घेतलं. १९३३ मध्ये प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) पाळक म्हणून दीक्षा. डॅलसच्या सेमिनरीतून (पाळक घडवणाऱ्या विद्यालयातून) डॉक्टरेट. चाळीसच्या सुमाराला कॅलिफोर्नियात पॅसाडिनाच्या चर्चमध्ये आला आणि १९४१ मध्ये तिथूनच आठवड्याला एक रेडिओ कार्यक्रम सुरू केला. १९४९ ते १९७० लॉस एंजेलिसच्या भर बाजारात चर्च ऑफ द ओपन डोअरचा पाळक. सभागृह सुमारे ४,००० खुर्च्यांचं. गुरुवारी रात्री तिथे नुसता बायबलचा वर्ग चालायचा, त्यालाही हजारांनी माणसं बसत.

खरी गंमत पुढे आहे. १९६७ मध्ये त्याने 'थ्रू द बायबल' नावाचा कार्यक्रम आखला. रोज अर्धा तास, आठवड्याला पाच दिवस, पाच वर्षांत उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळं पुस्तक. गुणाकार करा, तेराशेच्या घरात भाग होतात. ऐकणारा कंटाळू नये म्हणून थोडं जुना करार, थोडं नवा करार असं आलटून पालटून. पण वगळायचं काही नाही. वंशावळ्या आल्या तर वंशावळ्या, बोकडाच्या बळीचे नियम आले तर ते. पाच वर्षं संपली की पुन्हा पहिल्या पानापासून. याला तो 'बायबलची बस' म्हणायचा : कुठल्याही थांब्यावर चढा, गाडी फिरून तिथेच येणार आहे.

हा माणूस १ डिसेंबर १९८८ ला गेला. कार्यक्रम आजही चालू आहे, त्याच ध्वनिफितींवर. शिवाय शंभराहून जास्त भाषांत त्याचे अवतार आहेत, त्यात मराठीही.

मला धर्मावर वाद घालायचा नाही. मला इतकंच म्हणायचं आहे की हा प्रवचनकार कमी आणि मास्तर जास्त होता. पोर्शन पूर्ण करणारा मास्तर. असे मास्तर आपल्याला शाळेतही फार लाभले नाहीत. कुणी ऐकलंय का याला?

हळदबाजार

वही लई भारी ओ काका. पानाचा फोटो टाका की.

नास्तिकनाना

धाग्याचं स्वागत, पण जरा थंड पाणी ओततो.

अमेरिकेतल्या या रेडिओ-टीव्ही पाद्र्यांचं एवढं कौतुक नको. १९८७ मध्ये जिम बेकरचं प्रकरण बाहेर आलं. टीव्हीवरून लोकांकडून पैसे घेऊन करमणुकीचं धार्मिक नगर उभारलं होतं, शेवटी फसवणुकीबद्दल शिक्षा झाली. १९८८ च्या फेब्रुवारीत जिमी स्वॅगर्ट टीव्हीवर रडून 'मी पाप केलं' म्हणाला. रॉबर्ट शुलरने काचेचं कॅथीड्रल बांधलं, ते कर्जात बुडालं आणि २०१२ मध्ये कॅथलिकांना विकावं लागलं. माइक हातात आला की माणसाचा तोल जातो, मग तो पाद्री असो की बापू-महाराज.

आणि दुसरं. परदेशी पैशावर आपल्या भाषेत प्रचार आणायचा, हे 'मास्तर' वगैरे म्हणून गोड करू नका. मास्तर परीक्षा घेतो. हा उत्तर आधीच ठरवून बसलेला. उत्क्रांतिवाद याला मान्य नाही, इतर धर्मांत तथ्य आहे हे मान्य नाही. असं असताना शिकवणं कुठे राहिलं?

जुना_व्हॉल्व्ह

नाना, दुसरा मुद्दा मान्य. तो कट्टर होता आणि ते लपवतही नव्हता. बायबलचं अक्षर अन् अक्षर खरं मानणाऱ्या पंथातला. माझी त्याच्याशी सहमती नाही.

पहिल्या मुद्द्यावर मात्र हरकत. तुम्ही नावं घेतलीत ती टीव्हीवाल्यांची. टीव्हीला दिसायला काहीतरी लागतं : स्टेज, कारंजी, गायकवृंद, रडणं. रेडिओला एक खोली आणि एक माणूस पुरतो. १९७० मध्ये मॅगीने एवढं मोठं चर्च सोडलं ते सगळा वेळ या रेडिओ कार्यक्रमाला द्यायला. साठी ओलांडलेली, मधल्या काळात कॅन्सर होऊन गेलेला, आणि हातात पाच वर्षांचं वेळापत्रक. हे लोभी माणसाचं गणित वाटत नाही.

एक गंमत सांगतो. त्या चर्चच्या छपरावर 'जिझस सेव्हज' अशी निऑनची भलीमोठी पाटी होती, अर्ध्या शहराला दिसायची. पुढे ती इमारत पडली आणि पाटी उचलून नेली ती जीन स्कॉट नावाच्या एका टीव्ही पाद्र्याने, आपल्या थिएटरवर लावायला. म्हणजे दिव्याची पाटी टीव्हीकडे गेली आणि आवाज रेडिओकडे राहिला.

सदरबझारकर (सातारा)

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आमचं घर साताऱ्यातलं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. त्यामुळे 'परदेशी पैशावर प्रचार' हे वाचून नानांवर रागवायला हवं, पण रागवत नाही. कारण हे भांडण आमच्या घरात आमच्याच माणसांत झालेलं आहे.

वडील मॅगी ऐकायचे. मराठीत नाही, इंग्रजीत. शेजारी वही-पेन्सिल. घड्याळ लावून बसायचे आणि 'आज गणना अध्याय अमुक' असं लिहायचे (गणना हे बायबलमधलं एक पुस्तक). आजोबांना ते अजिबात आवडत नसे. म्हणायचे, "साताऱ्यात बसून टेक्ससचा हेल कशाला ऐकता? टिळक काय सांगून गेले ते विसरलात?"

टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे बरीच वर्षं अमेरिकन मिशनच्या पगारावर काम केलं, आणि १९१७ मध्ये तो पगार सोडून साताऱ्यात येऊन राहिले. इथेच त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले. ख्रिस्ती कीर्तन, ख्रिस्ती अभंग ही त्यांची वाट. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेने मी ख्रिस्ताकडे आलो, असं सांगणारा माणूस. आजोबांच्या लेखी रेडिओवरचा अमेरिकन पाद्री म्हणजे तीच जुनी मिशनची कोठी, फक्त आता तारेशिवाय.

वडिलांचं उत्तर एकच. "अभंग रडवतो. मला समजून घ्यायचंय."

कोण बरोबर ते मी ठरवलं नाही. पण वडिलांच्या त्या वह्या माझ्याकडे आहेत, अठरा. आणि आजोबांच्या शोकसभेत वडिलांनी टिळकांचाच अभंग म्हटला, मॅगीचं एकही वाक्य नाही.

कृष्णाकाठची

सदरबझारकर दादा, शेवटची ओळ वाचून थांबले थोडा वेळ.

डीएक्सर_३१मी

शॉर्टवेव्हची हौस असल्याने राहवत नाही. मॅगीपेक्षा मला मध्ये असलेल्या यंत्रणेत जास्त रस आहे, क्षमस्व.

आकाशवाणीवर धार्मिक संस्थेला वेळ विकत मिळत नसे. विविध भारतीवर जाहिराती आल्या त्याही १ नोव्हेंबर १९६७ ला, मुंबई-पुणे-नागपूरपासून. मग वेळ विकणारा शेजारी कोण? सिलोन. त्यांचा दणदणीत ट्रान्समीटर मुळात दुसऱ्या महायुद्धातला, माउंटबॅटनच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांच्या करमणुकीसाठी बसवलेला. युद्ध संपलं, यंत्र सिलोन सरकारला मिळालं, आणि १९५० पासून त्यांनी व्यापारी सेवा काढली. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री केसकरांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हटवली आणि सगळा हिंदुस्थान तिकडे वळला. गीतमाला आपल्या सगळ्यांना आठवते. पण त्याच स्टेशनवर पैसे भरून 'बॅक टू द बायबल'ही लागायचं. ते थिओडोर एपचं, १९३९ मध्ये नेब्रास्कातल्या लिंकन गावी सुरू झालेलं. एपचे आईवडील ॲरिझोनात होपी लोकांत मिशनरी होते, त्याचा जन्मही तिथलाच. म्हणजे टूथपेस्टची जाहिरात, लता मंगेशकर आणि नेब्रास्काचा पाद्री एकाच खांबावरून.

पुढे दोन मोठे मार्ग झाले. एक सेशेल्सचा. फेबा नावाच्या संस्थेने १९७० पासून माहे बेटावरून शॉर्टवेव्ह चालवलं. अँटेना चक्क समुद्रात, प्रवाळाच्या खडकावर उभ्या, खाली भरतीचं पाणी. सांगलीपासून हे तीन हजार किलोमीटरच्या पुढे. २००३ मध्ये बंद झालं. मी तिथलं मराठी ऐकलंय, संध्याकाळी, पंधरा मिनिटं, आवाज मध्येच विहिरीत गेल्यासारखा.

दुसरा ट्रान्स वर्ल्ड रेडिओ या ख्रिस्ती प्रसारण संस्थेचा, श्रीलंकेतलं पुत्तलम. ८८२ किलोहर्ट्झ, मीडियम वेव्ह, ४०० किलोवॅट. इथून हवाई अंतर हजार-अकराशे किलोमीटर. वहीत 'रात्री' लिहिलंय ते उगाच नाही. दिवसा वातावरणातला खालचा थर मीडियम वेव्ह खाऊन टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरच्या थरावर आपटून परत येतात आणि श्रीलंका मिरजेत उतरते. जुना_व्हॉल्व्ह, वहीत आकडा ८८२ किंवा त्याच्या आसपास आहे का बघा. असेल तर खूण पटली.

जुना_व्हॉल्व्ह

बघितलं. वडिलांनी आकडा लिहिला नाहीये. 'सांगलीच्या डावीकडे, चार बोटं' असं लिहिलंय.

डीएक्सर_३१मी

हाहाहा. १२५१ च्या डावीकडे चार बोटं. फिलिप्सच्या मोठ्या तबकडीवर बरोबर बसतं. झालं, पुत्तलमच.

सातारी_कंदी

रेडिओ पाद्री म्हटलं की माझ्या डोक्यात बिली ग्रॅहम येतो. त्याचा 'अवर ऑफ डिसिजन' १९५० चा. योगायोग बघा, मॅगीने लॉस एंजेलिसचं चर्च घेतलं ते १९४९ साल, आणि त्याच शहरात त्याच साली तंबू ठोकून ग्रॅहम आठ आठवडे सभा घेत होता. तिथून तो जगभर झाला. एक तंबूतला, एक वर्गातला.

पण मराठी माणसाला सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. जानेवारी १९५६ मध्ये ग्रॅहम भारतात आला, सुरुवात मुंबईपासून. आणि नेमकं त्याच वेळी नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली. संयुक्त महाराष्ट्राचा वणवा पेटला, रस्त्यांवर दगड, अश्रुधूर, गोळीबार. त्याच्या मुंबईच्या सभा रद्द कराव्या लागल्या. मद्रास, कोट्टायम, दिल्ली सगळीकडे प्रचंड गर्दी झाली, मुंबईत मात्र शून्य. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या प्रचारकाची सभा आपल्याकडे कुणी धर्मासाठी अडवली नाही. मराठी माणूस भाषेच्या भांडणात गुंतला होता, इतकंच.

हळदबाजार

ह्ये एक नंबर. आमचं आजोबा त्या वक्ताला मुंबईत गिरणीत होतं. त्यांना कुणी बिली सांगितला आसता तर म्हणालं आसतं, बिल कसलं, आधी मुंबई द्या.

नास्तिकनाना

कंदी, माहिती चांगली. पण विषय वाहवत चाललाय. मूळ प्रश्न तसाच आहे. आमच्या भागात काही वर्षांपूर्वी एका मैदानात रोग बरे करण्याची सभा झाली. कुणाची ते लिहीत नाही. शेजारची बाई मधुमेहाच्या गोळ्या सोडून आली. महिन्याभरात पाय काळा पडला. तेव्हापासून मला स्पीकरवरचा धर्म सहन होत नाही, कुठलाही. मॅगीचा त्यात दोष नाही हे कळतं. पण राग माणसाला पत्ता विचारून येत नाही.

सदरबझारकर

नाना, हे लिहिलंत ते बरं केलंत. एक सांगू का? मॅगी या रोग-बरे सभांच्या विरुद्धच होता. देव बरं करतो असं तो मानायचा, पण स्टेजवरच्या 'बरं करणाऱ्यां'वर त्याचा विश्वास नव्हता, आणि ते तो उघड बोलायचा. स्वतःच्या कॅन्सरबद्दल ऐकणाऱ्यांना प्रार्थना करा म्हणाला, पण ऑपरेशन डॉक्टरकडूनच करून घेतलं. वडिलांच्या एका वहीत याच दिवसाखाली लिहिलंय : 'प्रार्थना करावी. औषध बंद करू नये.' आणि त्याखाली दोन रेघा.

कृष्णाकाठची

औषधावरून आठवलं. मिरजेत राहून आपण वानलेसांना विसरून कसं चालेल! विल्यम वानलेस, कॅनडाचा, प्रेस्बिटेरियन मिशनचा डॉक्टर. १८८९ मध्ये आला, १८९४ मध्ये मिरजेचं इस्पितळ उभं राहिलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांशी त्यांचा स्नेह होता. वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. आयुष्याची चाळीस वर्षं इथे घालवून ते शेवटी कॅलिफोर्नियात गेले आणि १९३३ मध्ये ग्लेंडेलला वारले. नकाशा काढून बघितला, ग्लेंडेल आणि मॅगीचं पॅसाडिना अगदी शेजारी-शेजारी. दोघेही प्रेस्बिटेरियन. मॅगीला दीक्षा मिळाली तेही १९३३ सालच. एकाचा हात मिरजेला लागला, दुसऱ्याचा आवाज. आमच्या आजीचं बाळंतपण त्याच इस्पितळात झालं, म्हणून मला हाताचं कौतुक जास्त. आवाज कुणीही काढतं.

जुना_व्हॉल्व्ह

ताई, हे दुकानात बसून वडिलांसमोर बोलला असतात तर म्हणाले असते, 'आवाज काढणं सोपं, स्वच्छ काढणं अवघड.' पण मुद्दा पटला.

सगळ्यांचं वाचून एक गोष्ट डोक्यात फिरतेय. आपल्याकडे पारायण आहे. सात दिवसांत ज्ञानेश्वरी. चातुर्मासात एखादा ग्रंथ लावतात, तो रोज थोडा थोडा पुढे जातो. माझ्या काकांनी नाथभागवत असं चार वेळा पूर्ण केलंय, एकही ओवी न गाळता. मॅगीचं मला जवळचं वाटलं ते यामुळेच असणार. त्याचा देव माझा नाही, पण त्याची शिस्त आमच्या माजघरातली आहे. आजकाल प्रवचनाच्या क्लिपा येतात दीड मिनिटाच्या, त्यात फक्त टाळ्यांची जागा असते. वंशावळीवर अर्धा तास बोलायला छाती लागते.

सातारी_कंदी

पण पारायणात ऐकणाऱ्याला कळलंच पाहिजे असा आग्रह नसतो. शब्द कानावर पडले की पुण्य. मॅगीचा आग्रह उलटा, कळलं नाही तर उपयोग नाही. तेव्हा माजघर वगैरे ठीक आहे, पण जात वेगळी आहे दोन्हींची. सदरबझारकरांचे आजोबा आणि वडील यांच्यातलं भांडण याच रेषेवरचं वाटतं मला.

जुना_व्हॉल्व्ह

हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. मागे घेतो. अर्धं.

कोपऱ्यातला_टेप

रोमात असतो (नुसता वाचतो), आज लिहितो. माझी आत्या मिरजेत शिक्षिका होती आणि ऐंशीच्या दशकात एका छोट्या ख्रिस्ती स्टुडिओसाठी इंग्रजी प्रवचनांची मराठी करून वाचायची. मॅगीची नव्हे, दुसऱ्या एका अमेरिकन पाद्र्याची. स्टुडिओ म्हणजे घराची मागची खोली. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, खिडकीला गादी लावलेली. मी लहानपणी गोधड्यांच्या मागे लपायचो. मधोमध टेबलावर माइक, शेजारी स्पूलचं मशीन. तिला कागद सळसळू नयेत म्हणून पानं पुठ्ठ्यावर चिकटवून द्यायचे. मिरज जंक्शन जवळ. शंटिंगची शिट्टी झाली की थांबायचं, स्पूल मागे घ्यायचं, परिच्छेद पहिल्यापासून. आत्याला गाड्यांचं वेळापत्रक पाठ होतं, त्या हिशोबाने ती वाचायला बसायची. कोळशाचं इंजिन असेल तर जास्त वेळ लागतो म्हणायची, धाप लागलेली असते त्याला.

भाषांतर हा खरा त्रास. मूळ कागदात बेसबॉलचा होम रन आला, तिने षटकार केला. बर्फात गाडी अडकली, तिने चिखलात बैलगाडी रुतवली. एकदा मुळात 'टर्कीचं जेवण' होतं, सणाचं. तिने पुरणपोळी लिहिली. वरून निरोप आला की एवढं नको. मग 'सणाचं जेवण' केलं. त्यांचा नियम असा होता की वचन आहे तसंच, दाखला मात्र ऐकणाऱ्याच्या गावचा.

तिचं नाव कधी लागलं नाही. प्रसारणात शेवटी पाद्र्याचं नाव, संस्थेचं नाव, पत्र पाठवायचा पत्ता. पत्रं यायची ती 'प्रिय भाऊ' म्हणून. आवाज बाईचा असूनही.

नास्तिकनाना

कोपऱ्यातला_टेप, या धाग्यात मला आवडलेली ही पहिली व्यक्ती. तुमच्या आत्या. त्यांना माझा नमस्कार सांगा, नास्तिकाचा म्हणून सांगा.

डीएक्सर_३१मी

गोधड्या! मोठ्या स्टुडिओतसुद्धा तत्त्व तेच असतं, फक्त गोधडीला दुसरं नाव आणि दहापट किंमत.

एक प्रश्न आत्यांना. मॅगीची 'बस' त्यांनी मराठीत कशी केली असती? बस म्हटलं की इथे एस.टी. डोळ्यांपुढे येते. 'कुठल्याही थांब्यावर चढा' म्हटलं तर लोक हसतील, एस.टी. थांब्यापुढे शंभर पावलं जाऊन थांबते.

सातारी_कंदी

दिंडी करा. कुठेही सामील व्हा.

सदरबझारकर

टिळक हो म्हणाले असते. आमची मंडळी नको म्हणाली असती.

हळदबाजार

वडाप. माणसं भरल्याबिगर हलतच न्हाई. पाच वर्षं लागणारच.

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद उडवले आहेत. धर्मांतर कायदा हा विषय या धाग्याचा नाही, त्यासाठी वेगळा धागा चालू आहे. बाकी चर्चा चांगली चालली आहे.

जुना_व्हॉल्व्ह

आभार. हळदबाजार, फोटो मागितला होतात म्हणून वहीचं ते पान खाली जोडतोय. डाग आहेत ते सोल्डरच्या पेस्टचे. फिलिप्सचा सेट चालू करायचा प्रयत्न केला, एक व्हॉल्व्ह गेलाय. बाकी डोळा अजून हिरवा होतो.

कोपऱ्यातला_टेप

काल रात्री आत्याशी फोनवर बोललो. वय एक्क्याऐंशी, कान जरा कमी झालेत, तिला प्रश्न दोनदा ओरडून विचारावा लागला. नानांचा नमस्कार पोचवला. म्हणाली, "नास्तिकाने ऐकलं म्हणजे मराठी बरी झाली असणार."

बसबद्दल थोडा विचार केला आणि म्हणाली, "बस कशाला? मिरजेत राहून बस कोण धरतं? मी पॅसेंजर केली असती. एक्सप्रेसवाले सगळे मोठीमोठी स्टेशनं घेतात, मत्तय, योहान, रोमकरांस पत्र. हा प्रत्येक ठिकाणी थांबतो म्हणतोस ना? मग ती पॅसेंजरच."

जुना_व्हॉल्व्ह

जयसिंगपूर, निमशिरगाव, हातकणंगले, रुकडी. एकही गाळायचं नाही.

हळदबाजार

आन् वळिवड्याला क्रॉसिंगला पाऊण तास. त्येवढ्यात बळीच्या नियमांचं लेवीय पुस्तक संपतंय.